चोवीस हर्ट्झ

"मॅडम, ह्यो तर शंभर दाखवतोय," मुजावर चाचा म्हणाले.

पॅनेलच्या दारावरच्या छोट्या पडद्यावर खरोखरच शंभर टक्के असा आकडा होता. पण वरच्या पत्र्याच्या डक्टमधून येणारा आवाज शंभर टक्क्यांचा नव्हता. मी या पंख्याचा पूर्ण वेगाचा आवाज ऐकला होता. तो जिन्यापर्यंत यायचा. आज जिना चढून, व्हरांडा ओलांडून पॅनेलपाशी आले तरी शेजारच्या झाडावरचे पक्षी नीट ऐकू येत होते.

ऑगस्ट २०१४. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे सर्व्हिस इंजिनिअर. मोटरचा वेग कमीजास्त करणारं जे यंत्र असतं, ज्याला आम्ही ड्राइव्ह म्हणतो, ते बसवायचं आणि लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून त्याला काय करायचं ते शिकवायचं, हे माझं काम. मोटर किती अँपिअरची, चालू व्हायला किती सेकंद घ्यायचे, जास्तीत जास्त किती वेगाने पळायचं. असे दोनशेच्या वर आकडे एकेका ड्राइव्हमध्ये भरावे लागतात.

सोनारमाळाच्या क्षयरोग रुग्णालयातला हा पंखा मीच दीड वर्षापूर्वी चालू करून दिला होता. औषधांना दाद न देणारा क्षय झालेल्या बायकांचा बारा खाटांचा वॉर्ड. तिथली हवा खेचून गच्चीवरून बाहेर टाकायची, आणि तासाला बारा वेळा वॉर्डातली सगळी हवा बदलायची, असं डिझाइन होतं. दोन दिवसांपूर्वी पुण्याहून तपासणी पथक आलं. त्यांनी हवा मोजली. ती तासाला जेमतेम साडेपाच वेळा बदलत होती. रुग्णालयाने कंपनीला फोन केला, ड्राइव्ह बिघडलाय, माणूस पाठवा.

मुजावर चाचा तिथले वायरमन. दस्तगीर मुजावर. सत्तावन्नच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, खिशाला कायम टेस्टर. त्यांनी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. मी केबल जोडली आणि सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एक सोय असते. आपल्याकडे जपून ठेवलेली फाइल आणि ड्राइव्हच्या पोटात आत्ता असलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येतात. जुळलेल्या ओळी काळ्या, न जुळलेल्या लाल.

हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली. दोनशे बारा ओळी. त्यात एकच लाल होती.

कमाल फ्रिक्वेन्सी, म्हणजे मोटरचा जास्तीत जास्त वेग. फाइलमध्ये पन्नास हर्ट्झ. ड्राइव्हमध्ये चोवीस.

"घावलं का काय?" चाचांनी विचारलं.

 लॅपटॉपमधलं सोनारमाळचं फोल्डर उघडलं. तिथे दुसरी एक फाइल होती. तारीख ११ जानेवारी २०१३. नाव मीच दिलेलं होतं: होळीपर्यंत.

त्या जानेवारीत काम संपवून मी निघाले होते तेव्हा ओहोळ सिस्टर व्हरांड्यात माझ्यामागे आल्या होत्या. एस्तेर ओहोळ, त्या वॉर्डच्या इन्चार्ज. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "बाई, तुझा पंखा फार चांगला आहे. पण माझ्या बायका मरतील थंडीनं." मला आत नेऊन त्यांनी जतहून आलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी दाखवली. पस्तीस किलोचीसुद्धा नसेल. दोन ब्लँकेटं डोक्यावरून घेऊन बसली होती आणि तरी दात वाजत होते. खिडक्यांच्या झडपांतून माळावरची हवा सरळ खाटांवर येत होती.

"रात्रभर कुणी झोपत नाही," सिस्टर म्हणाल्या. "झोप नाही तर औषध अंगी लागत नाही. थोडे दिवस कमी कर."

मी म्हटलं, डिझाइनमध्ये हात घालायचा मला अधिकार नाही. आमच्या आवटीसाहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. त्या मुलीने ब्लँकेटातून माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

"होळीपर्यंत," मी सिस्टरांना सांगितलं. "मग मी येऊन परत वाढवून देते."

पन्नासचे चोवीस केले आणि कुणी हात लावू नये म्हणून पासवर्ड घातला. दारावरचा पडदा कमाल वेगाच्या किती टक्के ते दाखवतो. कमाल वेगच चोवीस केल्यावर तो चोवीसलाच शंभर म्हणणार, हे मला माहीत होतं. ते कुणाला सांगायला हवं, असं मला त्या वेळी सुचलं नाही.

"मॅडम?" चाचा म्हणाले.

"वेगाची मर्यादा कमी राहिली होती," मी म्हटलं. "आता वाढवते."

चोवीस खोडून पन्नास लिहिलं. बटण दाबलं. वीस-पंचवीस सेकंद काही वाटलं नाही, मग डक्टचा पत्रा थरथरायला लागला आणि आवाज चढत चढत त्या जुन्या जागी गेला. वॉर्डाचं दार आतल्या बाजूला ओढलं जाऊन धाडकन बंद झालं. कुणीतरी आतून "अगं बाई" म्हणालं.

चाचा दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"म्हंजे एवढे दीस ह्यो निम्म्यानंच चालला व्हता."

"हो."

"मी तवाच..." ते बोलायला लागले, पण माझा फोन वाजला आणि ते थांबले. आवटीसाहेब होते. मी चार पावलं लांब जाऊन त्यांना सगळं सांगितलं. 

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग ऐक. व्होल्टेज वरखाली होऊन ड्राइव्हची मेमरी उडाली, आकडे बदलले, आम्ही पूर्ववत केले. असं होतं, कुणी शंका घेत नाही. रिपोर्ट चार ओळींचा कर. आणि ती होळीची फाइल काढून टाक."

"सर, फाइलवर माझं नाव आहे."

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी परत आले तेव्हा चाचा स्टुलावर बसले होते. मी विचारलं, "ओहोळ सिस्टर ड्युटीवर आहेत का? त्यांना भेटून जाते."

"आत हायत. खाट नंबर अकरा."

मला वाटलं, अकरा नंबरच्या पेशंटजवळ आहेत. चाचांनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं.

"ड्युटीवर न्हवं," ते म्हणाले. "मार्चपासनं त्यास्नी बी त्योच आजार हाय. औषधं लागू पडत न्हाईत. इंजेक्शनांनी कान बी गेल्यात. जवळ जाऊन मोठ्यानं बोलायला लागतंय."

तिथून गाडीपर्यंत सत्तर पावलं असतील. मी ती मोजून बघितली नाहीत, पण त्या वेळी गाडी फार जवळ आहे असं वाटलं होतं. मी मास्क घट्ट केला आणि वॉर्डात गेले.

अकरा नंबरच्या खाटेवर मी आधी दुसरीच कुणी बाई बसलीय असं समजले. ती उंची खाटेवर दुमडून ठेवल्यासारखी झाली होती. गालांची हाडं वर आलेली, मनगटावर घड्याळाचा पट्टा सैल. त्यांनीच मला ओळखलं.

"पंख्यावाली," त्या म्हणाल्या. आवाज मात्र तोच होता. बहुतेक स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आणखी मोठा झालेला. "दार कसं आपटलं बघ. मला ऐकू नाही आलं, पण खाट हलली. पंखा वाढवलास?"

मी मान हलवली.

"कशाला गं? पावसाची ओल आहे. ती नऊ नंबर बघ, गुडघे पोटाशी घेऊन पडलीय. थोडा कमी कर. मागे केला होतास तसा."

मी म्हटलं, "सिस्टर, आता कमी करता येणार नाही."

"काय?"

"कमी करता येणार नाही."

त्यांनी कानामागे हात धरला. मास्कमुळे त्यांना माझे ओठही दिसत नव्हते. मी वाकले आणि ओरडून सांगितलं, "तो कमीच होता. दीड वर्ष. मी परत वाढवलाच नव्हता."

सगळ्या खाटांवरून बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, पण कळलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. मी पुन्हा ओरडले. होळीनंतर यायचं होतं, आले नाही. हवा निम्मीच बदलत होती. एखाद्याला गावभर ऐकू जाईल असं स्वतःचं पाप सांगायला लागावं, तसं ते तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं.

"पण पडदा शंभर दाखवत होता," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी मार्च ते मे माझी ड्युटी पुरुषांच्या वॉर्डाला होती. जूनमध्ये परत आले, तेव्हा पहिल्यांदा तो पडदा बघितला मी. शंभर होता. मला वाटलं, तू येऊन गेलीस."

"तो शंभर खोटा होता."

हेही मी ओरडूनच सांगितलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला हाकलून देतील. त्यांनी उशीखालून एक वही काढली. शाळेची, चौकटीची. उघडून माझ्यापुढे धरली. पानापानांवर तारखा होत्या. त्यापुढे बारीक अक्षरात: 'सहा नंबरला उलटी, मास्क ओला, बदलला नाही, दहा मिनिटं.' 'तीन नंबरला भरवताना नाकावरून घसरला.' 'डबा खाताना दार उघडं.'

"माझी चौकशी झाली मार्चमध्ये," त्या म्हणाल्या. "लिहिलं की मास्क वापरण्यात हलगर्जी केली म्हणून आजार झाला. मी सही केली. मला वाटलं, तसंच असणार, दुसरं काय. तेव्हापासून आठवतेय कुठल्या दिवशी झालं असेल. पाच महिने हेच करतेय मी."

वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली.

"म्हणजे मी मास्क नीट लावत होते," त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या. "बावीस वर्षं नीटच लावत होते."

"सिस्टर, नक्की कशामुळे ते कुणीच..."

"काय म्हणतेस?"

"काही नाही," मी म्हटलं.

"तू हे लिहून दे. अधीक्षक साहेबांच्या हातात दे, टपालात टाकू नकोस."

मी मान हलवली.

"आणि मी कमी करायला सांगितलं होतं, तेही लिही."

मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. ते कशाला लिहायचं, निर्णय माझा होता, असं ओरडून सांगितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वॉर्डात नवीन आलेल्या नर्सेसना थांबवायच्या तसं.

"इथे सगळ्या बायकांना माहीत आहे मी सांगितलं होतं ते. उद्या कुणीतरी बोलेल. मग म्हणतील, हे लपवलं म्हणजे बाकीचंही खोटं. अर्धं लिहू नकोस. सगळं लिही."

चाचांच्या खोलीत, वायरींच्या बंडलांमध्ये बसून मी ते लिहिलं. हाताने, दोन पानं. जानेवारीत सिस्टरांनी केलेली विनंती, आवटीसाहेबांना लावलेला फोन, चोवीसचा आकडा, पडद्याचा खोटा शंभर, आणि होळीनंतर येऊन वेग वाढवायचा राहून गेला हे. होळीच्या फाइलचं नावही लिहिलं. मेमरी उडाल्याचं काही लिहिलं नाही. खाली सही केली. नोकरी जाणार हे मी धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटत होतं.

चाचांनी वाचायला मागितलं. मी दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्या पानावर गेले, पुन्हा शेवटपर्यंत वाचलं. मग कागद नीट जुळवून माझ्या हातात ठेवले.  मी ते अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन दिले आणि पोच घेतली.

नोकरी गेली नाही. डिसेंबरमध्ये रुग्णालयाने नेमलेल्या चौकशी समितीचा निष्कर्ष आला. त्याची प्रत आवटीसाहेबांनी मला दाखवली. मास्कबद्दलचा शेरा रद्द झाला होता. त्याच्या जागी लिहिलं होतं की पंख्याचा वेग संबंधित परिचारिकेच्याच तोंडी विनंतीवरून कमी करण्यात आला, आणि तो पूर्ववत करून घेण्यासाठी रुग्णालयाच्या विद्युत विभागाने कंपनीकडे कोणताही पाठपुरावा केला नाही. कंपनीला सक्त ताकीद. विद्युत विभाग म्हणजे दस्तगीर मुजावर. त्यांची बदली झाली.

"बरं झालं, खरं लिहिलंस," साहेब म्हणाले.

जानेवारीत एका सकाळी चाचा कुपवाडला कंपनीच्या फाटकाशी आले. एसटीने आले होते. आत यायला तयार नव्हते. हातात त्यांना मिळालेला मेमो होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"मॅडम, तुमी फकस्त एक कागद लिवून द्या. मी फोन केला व्हता म्हणून."

मी पिशवीतल्या मेमोकडे बघितलं.

"आंबेडकर जयंतीचा दुसरा दीस. सुट्टीनंतर कामावर आलो, वॉर्डात उकडाय लागलं व्हतं, म्हणून तुमास्नी फोन केला. म्हटलं, मॅडम, होळी होऊन गेली, पंख्याचं तेवढं बघा. तुमी म्हणला, पुढच्या आठवड्यात येते. माझ्या साध्या फोनात आता काय न्हाई. पर तुमास्नी आठवत आसंल."

मला आठवत होतं. त्या दिवशी मी एका सूतगिरणीत होते, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. मागे यंत्रांचा गोंगाट होता. पुढच्या आठवड्यात येते, असं मी म्हटलं होतं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या विसरले होते. ऑगस्टमध्ये ती लाल ओळ दिसली तेव्हा मला जानेवारीतल्या त्या मुलीच्याही आधी चाचांचा तो फोनच आठवला होता. चाचांच्या खोलीत लिहिताना मी त्या वाक्यापाशी आले होते आणि 'राहून गेला' असं लिहून पुढे गेले होते. मी विसरले, यात माणसाची चूक दिसते. आठवण केली तरी विसरले, यात दुसरंच काही दिसतं. एवढाच विचार केला होता. त्याने दुसऱ्या कुणाचं काही होईल हे मनात आलं नव्हतं. फाटकाशी उभी होते तेव्हा मात्र ते समोर उभं होतं.

"चाचा, मला तसं काही आठवत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीची घडी घातली. मेमो खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहिले. एसटी यायला अर्धा तास लागला. मी आत जाऊन खिडकीतून बघत होते.

फेब्रुवारीत ओहोळ सिस्टर गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

पुढे मी ती कंपनी सोडली. लग्न झालं, कोल्हापूरला आले, दुसरीकडे तेच काम करत राहिले. २०२०च्या उन्हाळ्यात सगळ्या रुग्णालयांना एकदम हवा बाहेर टाकणारे पंखे हवे झाले. दोन महिन्यांत मी एकतीस वॉर्डांचे ड्राइव्ह चालू करून दिले. त्या दिवसांत कधीतरी चाचांचा नंबर शोधून काढला. ते निवृत्त होऊन कवठेमहांकाळजवळच्या गावी राहत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"चाचा, तुम्ही फोन केला होता," मी म्हटलं. "एप्रिलमध्ये. मला तेव्हाही आठवत होतं. मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमी खाली बघून बोलला व्हता."

"मी आता लिहून देते. अधीक्षकांना, जिल्ह्याला, जिथे सांगाल तिथे."

"आता कुणाला? मी घरी बसलोय. त्या गेल्या." मागे कुठेतरी शेळी ओरडत होती.  "बदली झाली तरी मी सुट्टीला त्यास्नी भेटाय जायचो. शेवटी पाटीवर लिवून दाखवायला लागायचं. त्या म्हणायच्या, मुजावर, त्या पोरीनं सगळं खरं लिवलं बघ. नोकरीची पर्वा केली न्हाई. एवढ्या सगळ्यात तेवढं एक चांगलं झालं, म्हणायच्या. दरवेळी म्हणायच्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाटी माझ्या हातात असायची," चाचा म्हणाले. "मी काय लिवलं न्हाई. ऱ्हाऊ द्या म्हटलं, त्यास्नी तेवढं."

"चाचा..."

"तुमी पुन्हा फोन करू नगा, मॅडम," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनीच फोन ठेवला.